कात्रज ते भोसरी

रात्री दोननंतर गणेशखिंडीत गाड्या विरळ होतात,
तेव्हा मी फाईल उघडते.
उपग्रह संध्याकाळीच डोक्यावरून गेला,
त्याने खाली टाकलेलं सगळं आता आकड्यांत:
सेकंदाला एकशे ऐंशी, एकशे ब्याण्णव, एकशे सत्त्याहत्तर.
क्ष-किरण. पुण्याच्या हवेतून यातला एकही
जमिनीपर्यंत पोचत नाही,
आणि ते बरंच आहे.

दारावरचे ढमाले चहा ठेवतात.
"दिसला का तुमचा तारा?"
दिसत नाही, म्हणते. मोजता येतो.
"केवढा?"
कात्रजपासून भोसरीपर्यंत.
"बस्स?"
बस्स. पण तेवढ्यात दीड सूर्य कोंबलाय.
ढमाले खिडकीबाहेर बघतात.
"मग पार्किंगचं काय करतात?"

त्याला एक जोडीदार आहे, फिकट, हलका.
चार तासांत दोघांची एक फेरी.
जोडीदाराचं अंग ओघळतं याच्याकडे,
सरळ पडत नाही,
गरगरत येतं, घासत, तापत,
शेवटच्या वळणावर इतकं तापतं
की तो उजेड डोळ्यांसाठी उरत नाही.
दर फेरीत बारा मिनिटं तो जोडीदाराच्या आड जातो,
आलेखाला खड्डा पडतो.
सात वर्षं मी त्या खड्ड्याच्या कडा मोजतेय.

"आमच्या मुळशीत असंच," ढमाले म्हणतात
आणि कोरडा कप पुसत राहतात.
आधी थोरल्याची सही. मग बांध. मग विहीर.
"धाकल्याकडं सरकत गेलं सगळं.
भांडण नाय, तंटा नाय.
पण खाणाऱ्यालाबी पचत नाय, मॅडम."
धाकटा कोण, मी विचारत नाही.

आणि मग पडद्यावर
एकशे ऐंशी, एकशे शहाऐंशी,
चार हजार.

तासन् तास साचलेला थर, काही हात जाडीचा,
एका सेकंदात अख्ख्या ताऱ्यावर पेटलेला.
दूध उतू जातं तसा,
पण प्रबंधात असं लिहिता येत नाही.
मग सावकाश उतार, मिनिटभर,
आणि पुन्हा एकशे ऐंशी,
जसं काही घडलंच नव्हतं.
हे घडलं तेव्हा
मुठेला अजून कुणी मुठा म्हणत नव्हतं.

ढमाले त्या सुळक्याकडे बोट नेतात,
काचेला लावत नाहीत.
"आन् तो दुसरा? त्याला लागती का ही झळ?"
लागते. त्याची एक बाजू भाजून निघते.
"आन् तरी देत राहतो?"
हो.
"हं."

खाली वहीत माझी बाहेर पडायची वेळ
ते स्वतःच लिहितात: तीन चाळीस.
माझ्या घड्याळात तीन सदतीस.
दिवसभर मी सेकंदाच्या हजाराव्या भागावर भांडते.
सही करते.
गाडी सुरू होईपर्यंत ते फाटक धरून उभे,
मग हाक मारतात,
"मॅडम, थोरला अजून हाय. भूगावला असतो."