कांद्याच्या सालींचं आकाश

मार्चमध्ये खाडी गोठते.
मग न्यूफाउंडलंडच्या या टोकाला आवाज उरतात ते एवढेच:
बर्फाचं रात्रभर कण्हणं, किटलीची पुटपुट,
आणि गोणपाटातून चिंधी वर ओढणाऱ्या
माझ्या सासूच्या आकड्याचं
खुट्, खुट्.

आकडा म्हणजे वाकवलेला खिळा,
मूठ मोडक्या वल्ह्याची.
गोणपाट बटाट्याच्या पोत्याचं, उसवून, धुऊन
चौकटीवर असं ताणलेलं
की टिचकी मारली तर डफासारखं बोलावं.

चिंध्यांचा हिशेब विचारू नका.
थर्झा कीपिंगच्या घरातून कापड बाहेर जात नाही.
सासऱ्यांच्या लोकरी विजारी होत्या, राखाडी,
त्यांचा खडक झाला.
शाई सांडलेला माझा लग्नातला झगा, त्याचं झालं बर्फ.
आणि शेजारच्या सेलिनाचा लाल परकर,
जो तिनं दिला नव्हता,
वाऱ्यानं दोरीवरून उचलून आमच्या कुंपणात टाकला होता.
"देवानं दिला," थर्झा म्हणाली.
सेलिनाचं मत वेगळं होतं.

रेव्हरंड पिटमन कुत्र्यांच्या गाडीवरून आले,
मिशीतला बर्फ चुलीपाशी वितळवत म्हणाले,
वेदीपुढे घालायला एक पायपुसणं विणा,
मधोमध देवदूत असावा.

थर्झानं चहा ओतला.
"देवदूत मी पाहिलेला नाही.
कॉडमासा पाहिलाय. मेंढी पाहिलीय.
सेलिनाचा वाकडा संडास तर रोजच पाहते."

आणि तिनं तेच काढलं.
मासळी वाळवायचा माच, खाली दबा धरलेलं मांजर,
दोरीवरचे कपडे, साऱ्यांच्या बाह्या वर,
शरण आल्यासारख्या
की स्तोत्र म्हणत असल्यासारख्या, कोण जाणे.
(लाल परकर तिथे परत दोरीवर गेला.)

मग निळं संपलं.
आकाश चार बोटं भरलं आणि संपलं.
मालाची बोट मे महिन्याआधी येत नाही.
घरात निळं म्हणून एकच उरलं होतं,
सासऱ्यांचा स्वेटर,
चौदा हिवाळे दारामागच्या खुंटीवर.
मी तिकडे पाहिलं.
तिनं पाहिलं नाही.

त्या रात्री तिनं कांद्याच्या साली उकळल्या,
त्यात पिठाच्या पिशव्या बुडवल्या.
सकाळी आकाश पिवळं झालेलं,
जुन्या मोहरीसारखं, काविळीसारखं.
"असं आकाश नसतं, आई," मी म्हटलं.
खुट्, खुट्.

आठवडा गेला असेल.
संध्याकाळी बर्फाला पाडलेल्या भोकातून मी बादली भरत होते.
वारा फिरला, ढग एका कडेनं उचलले गेले,
आणि सगळी खाडी, माच, आमचं छप्पर,
सेलिनाचा संडास, माझे हातमोजे, बादलीतलं पाणी,
सगळं कांद्याच्या सालीचं.
मी ओरडले. ओरडताना अर्धी बादली पायावर सांडली.

थर्झा दारात आली,
हात एप्रनखाली गुंडाळून बराच वेळ उभी राहिली.
"बघ," म्हणाली, "त्याचंही निळं संपलं.
पण काम थांबवलं का त्यानं?"

आता ते पायपुसणं वेदीपुढे आहे.
लोक त्याला वळसा घालून जातात,
मग मागच्या बाकावरून ती खेकसते:
"पाय पुसा! त्याच्यासाठीच आहे ते!"
रेव्हरंडसुद्धा पुसतात.

पिवळ्यात, वर उजवीकडे,
तांदळाएवढा एक निळा ठिपका आहे.
होडी म्हणावी तर आकाशात आहे,
पक्षी म्हणावा तर पंख नाहीत.
मी विचारलं नाही.
खुंटीवरच्या स्वेटरची डावी बाही
आता बोटभर आखूड आहे.