कुत्र्याचे तीन पौंड

फाटकाशी पाटी आहे, माझ्याच हातची.
दर मार्चमध्ये नव्यानं रंगवते,
वर वेल्श, खाली इंग्रजी,
कुत्र्यांना दोन्ही वाचता येत नाहीत.

माणशी नऊ पौंड रात्रीचे.
कुत्र्याचे तीन.
पट्टा दोन मीटर, वीतभरही जास्त नको.
भांड्यांच्या मोरीत कुत्रं धुवू नये.
हे लिहावं लागलं, यातच काय ते आलं.
रात्री दहानंतर भुंकणं बंद.
त्याखाली कुणी खडूनं लिहून गेलं,
‘मालकांचंही.’
ते मी पुसलेलं नाही.

कुंपणापलीकडे एमीरची मेंढरं.
एप्रिलात कोकरं उड्या मारायला शिकतात
आणि एमीर बंदूक दाराआड आणून ठेवतो.
‘आमचं काही करत नाही हो,’ म्हणणाऱ्याचंच
सगळ्यात आधी तिकडे धावतं.

सतरा वर्षं पावत्या फाडते आहे.
तीन पौंड वाचवायला एका गृहस्थानं
कुत्रं झोपायच्या पिशवीत लपवलं होतं.
साडेदहाला पिशवी भुंकली.

तर शुक्रवारी दोन गाड्या आल्या,
पाचेक मिनिटांच्या अंतरानं.
लोरी पूर्वेकडून, तेगिद समुद्राकडून.
दोन तंबू, दोन स्टोव्ह,
आणि एक कुत्रा, मॉट,
एक कान उभा, एक पडलेला.

‘कुणाच्या नावावर लिहू?’
‘माझ्या,’ दोघं एकदम म्हणाले,
मग दोघंही गप्प.

घर वाटून झालं, गाडी झाली,
केटल लोरीकडे गेली.
मॉट कुठल्याच कागदावर नव्हता.
महिन्यातून एकदा पेट्रोल पंपावर भेटून
पट्टा या हातातून त्या हातात द्यायचं ठरलं,
तर तो दोन गाड्यांच्या मधोमध बसला
आणि उठेचना.
मागून ट्रक हॉर्न देत होता.
डॉक्टर म्हणाल्या, एक रात्र त्याला दोघांपाशी राहू द्या.
म्हणून इथं.

दीड-दीड पौंड ठेवले त्यांनी, सुट्टे, मोजून.
माझ्या वहीत अर्ध्या कुत्र्याचा रकाना नाही.
मी लिहिलं, कुत्रा एक, पावत्या दोन.

दोन तंबूंत सहा मीटर अंतर हवं, तोही माझाच नियम.
मधोमध खुंटी ठोकली, दोन मीटरचा पट्टा अडकवला.
हिशेब करून पाहा,
तो कुठल्याच दारापर्यंत पोचत नव्हता.

दहाच्या पुढे तो कण्हायला लागला.
भुंकत नव्हता. कण्हण्याबद्दल पाटी गप्प आहे.
शेजारच्या कॅरव्हॅनचा दिवा लागला, विझला, परत लागला.
मी अंगावर कोट टाकला, टॉर्च घेतली
आणि परसातली कपडे वाळत घालायची दोरी सोडली.
आठ मीटर. चांगली निळी, नायलॉनची.
एमीरला कळलं तर म्हणेल,
नेस्टा, आता नियम तूच मोडायला लागलीस.

गाठ मारताना दोन्ही तंबूंत कुणी हललं नाही.
जागं कोण होतं, ते मला दिसत होतं.

पहाटे दूध द्यायला गेले,
तर दोरी दोन्ही तंबूंच्या खुंट्यांना वेढे घेऊन
कुंपणाकडे ताणलेली,
आणि टोकाला मॉट,
नाक तारेला लावून, आवाज न करता,
कोकरांकडे बघत.
मागे दवात ती दोघं, अंगावर कोट,
मध्ये ती केटल.
बोलत नव्हती. दोरी सोडवत होती,
एक एका टोकाकडून, एक दुसऱ्या.

रविवारी तो कुणाच्या गाडीत बसला,
मी पाहिलं नाही. मोरी घासायची होती.
कुणीतरी मोरीत कुत्रं धुतलं होतं.

दोरी परत बांधली आहे.
दातांच्या खुणा आहेत, एका जागी तंतू सुटलेत.
ओली चादर टाकली की तिथंच झोळ पडतो
आणि चादरीचं टोक गवताला लागतं.
नवी सात पौंडांना मिळते.
बघू, पुढच्या महिन्यात.