सात नंबर

उन्हाळ्यात आमचं घर आमचं नसायचं.
मे सरता सरता आई माझी गादी गुंडाळायची
आणि जिन्याखालच्या खणात सरकवायची,
झाडू, मेणाचा डबा आणि गॅसच्या मीटरशेजारी.
डोक्यावरून पाहुणे चढत-उतरत.
चार नंबरचे मिस्टर ऑलरॉइड रात्री एकदा उतरायचे,
सातव्या पायरीवर थांबून खोकायचे,
मग मला झोप लागायची.

दर्शनी खिडकीत पाटी: जागा आहे.
'आहे'वर 'नाही'ची पट्टी सरकवायचा मान वडिलांचा.
ती सरकली की ते शीळ घालत.
आई जेवणघरात इस्त्री केलेले शब्द बोलायची,
स्वयंपाकघराचं दार मागे मिटलं
की पुन्हा तीच बाह्या सरसावलेली बोली.
न्हाणीघरात इतकी वाळू साचायची
की वडील म्हणत, किनारा विकत कशाला घ्यायचा,
हप्त्या-हप्त्याने येतोच आहे घरी.

जुलैत, गिरण्या बंद ठेवून,
ऑलरॉइडांची अख्खी गल्लीच उतरायची आमच्या गावात.
त्यांची एव्हरिल माझ्याएवढी.
एमॉसच्या गाढवांवर आम्ही फुकट बसायचो,
कारण मी गावची होते आणि ती माझ्याबरोबर होती.
एकदा व्हिनेगरने ओले झालेले बटाट्याचे काप खाता खाता
तिने विचारलं,
आम्ही गेल्यावर तुम्ही समुद्र बंद करता का गं?
मी इतकी हसले की ठसका लागला.

पण नोव्हेंबरात
धक्क्यावरचे दिवे काढलेले,
दुकानांच्या फळ्या लागलेल्या,
ओहोटी अशी लांब गेलेली की पाणी नुसतं ऐकीव,
एमॉसची गाढवं चर्चमागच्या शेतात
पावसाकडे पाठ करून उभी.
वडील जेवणाच्या टेबलावर
आरामखुर्च्यांचं फाटकं कापड दाभणाने शिवायचे.
तेव्हा मला वाटायचं, केलाय की बंद.
आणि घर पुन्हा आमचं.
कुठल्याही खोलीत झोप, आई म्हणायची,
आणि मी सात नंबर घ्यायचे, सगळ्यात वरची,
जिथे काचेला आतून बर्फ धरायचा.

एका जुलैत मिस्टर ऑलरॉइड एकटेच आले.
एव्हरिल?
या वर्षी मायलेकी स्पेनला गेल्यात, विमानाने, म्हणाले,
मला बाई उन्हाचा त्रास होतो.
आईने न विचारता त्यांना दुसरं अंडं वाढलं.
त्या रात्री ते सातव्या पायरीपर्यंत आले
आणि खोकले नाहीत.
बसले.
माझ्या कपाळाच्या वर वीतभर अंतरावर
लाकूड बराच वेळ करकरत राहिलं.

पुढच्या वर्षी ते आले नाहीत.
त्याच्या पुढच्या वर्षी गल्लीतलं कुणीच नाही.

ऑगस्टचा पहिला शनिवार होता.
सात खोल्यांतल्या सात पलंगांवर
कडक घडीच्या चादरी.
समोरच्या मिसेस गॉडबर पडद्याआडून बघत होत्या,
म्हणून की काय,
वडिलांनी पाटीवर 'नाही'ची पट्टी सरकवली.
शीळ नाही.
आईने माझी गादी खणातून ओढून काढली.
जा, वर जा, म्हणाली.

भर उन्हाळ्यात पहिल्यांदाच सात नंबर माझी.
खिडकी सताड उघडी,
भरती थेट भिंतीला लागलेली,
धक्क्याचे दिवे पाण्यात लांबच लांब ओघळलेले.
खाली खिडकीत पाटी: जागा नाही.
वर मी, जागी,
डोक्यावरून कुणीतरी जाण्याची वाट बघत,
आणि माझ्यावर नुसतं छप्पर.

समुद्र चालूच होता, एव्हरिल.
रात्रभर.