हिल्बा

सोहारच्या किनाऱ्यावर मी समुद्राचं मीठ मोजतो.
पगार त्याचाच.
दहा लाख भागांत अर्धा भाग बोरॉन राहिलं
तरी माझ्या यंत्राला कळतं.
मग मी सही करतो, मग गाव पाणी पितं.

ऋजुता अकरा दिवसांची होती.
दुपट्यांना मेथीचा वास यायचा.
सांगलीहून लाडवांचा डबा आला होता,
बाळंतिणीला रोज दोन.
म्हटलं, पोरगी दुधातूनच मेथी प्यायली.

माझ्या लॅबमधला हमूद खजूर घेऊन बाळ बघायला आला,
वाकला, म्हणाला, "हिल्बा?"
त्यांच्याकडेही बाळंतिणीला तीच देतात.
"हिल्बा," मी म्हटलं. दोघेही हसलो.
मेथीचा अरबी शब्द सापडला
म्हणून केवढा खूश झालो होतो मी.

नाक माझं. रसायनशास्त्राची डॉक्टरेटही माझीच.

तेराव्या दिवशी ती दूध ओढेना,
पाठ धनुष्यासारखी मागे ताणली.
मस्कत दोनशे किलोमीटर.
डाव्या हाताला समुद्र, संपेचना.

तिथल्या बाई म्हणाल्या, दोन लाखांत एक.
आमच्यात लाखात एक म्हणतात ते कौतुकानं,
हे त्यांना सांगितलं नाही.

आता ती नऊ वर्षांची. खुर्चीला पट्टा, मान डावीकडे.
भात काट्यावर: बेचाळीस ग्रॅम.
डाळ नाही. दूध नाही.
परदेशातून येणारी पांढरी पावडर,
जी विमानतळावर एकदा चार तास अडकली
आणि मी प्रत्येक खिडकीशी कंपनीचं ओळखपत्र दाखवत फिरलो,
मी शास्त्रज्ञ आहे, मी शास्त्रज्ञ आहे,
जणू पावडरीला त्याचं काही पडलं होतं.

शर्विल झाला तेव्हा दुपट्याची वाट पाहिली नाही.
दुसऱ्याच दिवशी टाचेतून रक्त.
तोही तसाच निघाला.
पण तो पळतो.
मोजलेला भात बोटांनी निपटून खातो
आणि कॉर्निशवर ताईची खुर्ची इतकी जोरात ढकलतो
की लोक बाजूला होतात.
परवा विचारलं त्यानं,
"ताईला आधी झालं म्हणून मी पळतो ना?"
कुणी सांगितलं त्याला?
मी काट्याची पेशी बदलत होतो. बदलतच राहिलो.

तिला ताप आला की रक्त पाठवायच्या आधी
मी तिच्या कानामागे नाक टेकतो.
गुदगुल्या होतात तिला. हसते,
थोडं उशिरा.
वास नसला तरी मी लगेच उठत नाही.
तेवढ्यात शर्विल येतो,
आपलाही कान पुढे करतो.