एका हाताची

दर्यापूरच्या दुकानात आधी मोठी दाखवली,
लांब दांड्याची.
वेणूताईनं दाबून पाहिली, परत ठेवली.
"एका हातानं चालन अशी द्या.
दुसऱ्यानं नळी धरा लागते."

थ्रेशर बाभळीखाली,
तुरीचा भुसा अजून अंगावर.
आधी चिंधी. निप्पल पुसल्याबिगर ग्रीस मारलं
तर माती आपणच आत भरतो.

पहिले चार दाब पोकळ गेले.
टोपण सैल करून तिनं हवा सोडली,
मग मुठीला जड लागलं.

काळं, जुनं कडेनं निघालं,
त्यामागून पिवळं.
तिथंच थांबली.
"मार ना अजून," नथ्थू म्हणाला.
"सील फुटते.
पोट भरलं का ताट सरकवाव."

मग पुली हातानं फिरवली.
नथ्थू कान लावून बसला,
काहीच ऐकू आलं नाही त्याले.