बेचाळीस फूट

आधी माप घेतलं.
दोरीला दगड बांधून सोडला, ओल्या खुणेपर्यंत मोजला:
कठड्यापासून पाण्यापर्यंत बेचाळीस फूट.
ढोमणे सर म्हणाले, शेवटच्या वर्षाला पोरं दोन बाय तीनचं काम देतात.
मी म्हणाले, विहीर दोन बाय तीनची होत नाही, सर.

घेर मात्र लहान केला. तेवढी बेइमानी.
एकशे ब्याण्णव टाके, गोल, कुठे शिवण नाही,
बाराशे साठ फेऱ्या.
गुणाकार वहीच्या मागच्या पानावर केला
आणि ते पान दुमडून टाकलं, घरी दिसू नये म्हणून.

एवढी लांब सुई आर्वीत मिळेना.
नथ्थू बुरडाने बांबूच्या दोन काड्या तासून दिल्या,
टोकं काचेने घासली,
मधे जोडली भावाच्या लुनाची ब्रेक वायर.
लोकर बाजारातल्या जुन्या ढिगाची, किलोवर.
काळ्या मातीसाठी माकडटोप्या उसवल्या,
मुरमासाठी शाळेचे मरून स्वेटर, कोपरात विरलेले,
खडकासाठी कोण्या चौकीदाराचा राखाडी;
त्याच्या खिशात चुनाडबी निघाली.

मे महिना. पारा शेहेचाळीस.
मांडीवर आठ किलो लोकर, पुढे बारा, पुढे मोजणं सोडलं.
शेवंताबाई मडावी ओट्यावर येऊन टेकली,
"काय होय वं हे? हत्तीले सोटर?"
विहीर होय.
ती बराच वेळ पाहत राहिली. मग बोट ठेवलं,
"इथं झिरा पायजे. वीस हातावर, उगवतीच्या अंगानं.
आमी खंदली तवा फुटला होता."
मी तिथे तीन टाके सोडले.
दुसऱ्या दिवशी ती तपासायला आली, चष्मा घेऊन.

पाणी विणलं नाही.
खडक संपला तिथे टाके बंद केले.

त्याच संध्याकाळी ती आत सोडली,
जागेवर कशी दिसते बघू, फोटोपुरती.
दिसली. दोन मिनिटं दिसली.
मग तळाने पाणी ओढायला घेतलं
वात तेल ओढते तसं, खडकातून मुरमात,
आणि दोरी धरलेल्या चौघांचे पाय सरकायला लागले.
"अबे धर, धर, चालली!"
पिठाच्या गिरणीतून माणसं धावली, क्रिकेट टाकून पोट्टे आले,
अकरा जणांनी मिळून
एक ओली विहीर वर काढली.

चार दिवस शाळेच्या कुंपणावर वाळत होती.
बकऱ्यांनी हुंगली, एकीने काळी माती चाखून पाहिली.
पाचव्या दिवशी टेप लावला.
सत्तेचाळीस.
पुन्हा लावला, दुसरं टोक शेवंताबाईच्या हातात.
सत्तेचाळीस.
फॉर्मवरचे बेचाळीस खोडले.
'साहित्य' या रकान्यात जुनी लोकर लिहिलं होतं,
त्यापुढे स्वल्पविराम दिला, आणि: पाणी.

एसटीत तिघांनी मिळून कोंबली.
कंडक्टरने कानामागची पेन्सिल काढली,
"काय होय हे?"
विहीर.
त्याने गठ्ठा दाबून पाहिला, हात पँटला पुसला.
"रिकामी हाय का भरेल?"

मी काही बोलले नाही.
सीटखालून एक बारीक ओघळ
दाराकडे निघाला होता.