गॅसवाला दोन

दुपारी सव्वातीनला तो येतो कन्नमवार नगरात,
सायकलला टब लटकवलेले, हिरवे, निळे,
आणि भोंग्यात त्याचाच भरून ठेवलेला आवाज:
जुना मोबाईल द्या, बंद पडलेला द्या, फुटलेला द्या,
दोन मोबाईलला एक टब.

निजसुरे वहिनींनी दिले, मागच्या दिवाळीत.
टब चांगला निघाला, अजून गळत नाही.
गळलं ते दुसरंच.
पॅनकार्डाचा फोटो, कोऱ्या कागदावरच्या सहीचा फोटो,
आणि होळीच्या सुमारास वसुलीचे फोन सुरू झाले
कधी न घेतलेल्या कर्जाचे.
आता कपडे भिजवताना
वहिनी टबातल्या पाण्याकडे बघत राहतात.

माझ्या खणात तीन होते.
एक बटणांचा, पाचचा आकडा घासून गेलेला.
एक ह्यांचा, बॅटरी पुरीसारखी टम्म,
पाठ उचकटून बाहेर आलेली.
तिसरा माझा. काच तडकलेली, पण जीव होता.
खणाला कुलूप त्याच्यासाठीच.

लॅमिंग्टन रोडला मुश्ताकचं दुकान म्हणजे
जिन्याखालची जागा. पंखा इतका खाली
की अंबाडा घातलेल्या बाईने बसूनच बोलावं.
फुगलेली बॅटरी त्याने आधी वाळूच्या डब्यात निजवली.
"हिला टोचायचं नाही, दाबायचं नाही,
कचऱ्यात तर नाहीच, ताई.
गाडीत चेपली गेली तर गाडी पेटते."
सिमची खाच उघडायला पिन सापडेना,
मी कानातली कुडी काढून दिली.

लेकीच्या बारशाचे फोटो आधीच उतरवून घेतले होते.
बँकेतून बाहेर पडले, खात्यातून बाहेर पडले.
मग फोनने विचारलं: सगळं पुसायचं?
होय.
पुन्हा विचारलं: नक्की?
लग्नाच्या वेळीसुद्धा
मला कुणी दोनदा विचारलं नव्हतं.

"झालं ना?" मी उठत होते.
"बसा. पुसलं म्हणजे गेलं नाही.
जुना माल आहे हा, आतून कडी नाही याला.
चाळीत दारावरची पाटी काढली
म्हणून बिऱ्हाड हलतं का?
त्या खोलीत दुसरं घुसवा, तेव्हा पहिलं जातं."
"दुसरं कोण घुसवू?"
त्याने वर बोट केलं. "हा पंखा घ्या व्हिडिओत.
जागा भरेपर्यंत."

एक तास चाळीस मिनिटं
मी स्टुलावर बसून पंखा चित्रित केला.
तीन पाती, एकाला तेलकट काजळी,
मधूनच मुश्ताकचा खोकला, चहावाल्या पोराचा हात.
आणि त्या सगळ्याच्या खाली हळूहळू दबत गेला
गॅसवाला दोन.

(गॅसवाला एक खरा होता, सिलिंडर आणायचा.)

एकोणतीस मेसेज.
बरेचसे 'जेवलीस का'च्या जातीचे,
एकात नुसता आमटीचा फोटो, खारट झाली म्हणून.
शेवटचा: आता नको. चालेल?
आणि माझं: चालेल.
बाकी काही नाही. सापडलं असतं कुणाला
तरी लुटण्यासारखं काय होतं त्यात,
तरी.

'जागा शिल्लक नाही', फोन म्हणाला.
मग पंखाही पुसला.

तिन्ही नग एका मोठ्या दुकानाच्या पेटीत टाकले,
फट दानपेटीसारखी, आवाजही तसाच.
वाळूतल्या बॅटरीची वेगळी नोंद, वेगळी पावती.
पावतीवर 'पूर्वीचा मालक' असा रकाना होता,
तिथे मी स्वतःचं नाव घातलं, ह्यांचं नाही.

नंबर मात्र पाठ आहे. दहाच्या दहा आकडे.
त्याच्यावर कुठला पंखा फिरवायचा
ते मुश्ताकला विचारायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी सव्वातीनला भोंगा आला.
गॅलरीतून म्हटलं, नाही माझ्याकडे.
तो खालून हसला. "बघा मावशी, खणात बघा,
प्रत्येक घरात एक असतोच."
मी खाली गेले, रोख दीडशे दिले,
आणि निळा टब घेतला.
वहिनींच्यापेक्षा मोठा आहे.